रंगांध पाहुण्यांसाठी सोलापुरातली ठिकाणं: पाट्या, नकाशे, दिवे आणि गाईडची भाषा

सोलापुरात आलेला पाहुणा सिद्धेश्वर मंदिर आणि तळं, भुईकोट किल्ला, डॉ. कोटणीस स्मारक, विज्ञान केंद्र असा फेरा एका दिवसात मारू शकतो. अशा ठिकाणी कितीतरी गोष्टी निव्वळ रंगानं सांगायची सवय आपल्याला लागलेली आहे. लाल बाणानं जा, हिरव्या पार्किंगला गाडी लावा, हिरवा दिवा लागला की बटण दाबा, कडीवर हिरवं दिसलं तर स्वच्छतागृह मोकळं. रंगांध माणसाला यातलं बरंचसं कळत नाही, आणि तो सहसा विचारतही नाही. पुढच्या माणसामागं चालत राहतो, किंवा सोबतच्या पोराला विचारतो. त्याचं अडलेलं कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून ते दुरुस्तही होत नाही.

हा लेख ज्यांच्या हातात ही दुरुस्ती आहे त्यांच्यासाठी आहे: यात्रेची व्यवस्था पाहणारे, महापालिकेचे अभियंते, संग्रहालयं आणि प्रदर्शनं चालवणारे, गाईड, पाट्या रंगवणारे आणि छापणारे. सगळ्या कामामागं एकच नियम आहे. रंग काढायचा नाही, फिका करायचा नाही. रंगानं जे सांगितलं ते अंक, आकार, चित्र, जागा किंवा शब्द यांतल्या निदान एका गोष्टीनं पुन्हा सांगायचं.

कुणाला काय दिसतं

डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांतल्या दोन प्रकारांची, म्हणजे लांब आणि मध्यम तरंगलांबीचा प्रकाश टिपणाऱ्या पेशींची, जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडं हे गुणसूत्र एकच, त्यामुळं तिथं बिघाड झाला तर भरपाईला दुसरी प्रत नसते. म्हणून लाल-हिरव्याचं रंगांधत्व पुरुषांत जास्त. युरोपीय वंशाच्या लोकांत ते पुरुषांमध्ये सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांमध्ये सुमारे ०.५ टक्के आढळतं. भारतातल्या पाहण्यांमध्ये पुरुषांचं प्रमाण बहुधा यापेक्षा कमी येतं, तरी शंभर पुरुषांमागं दोन-तीन जण धरून चालायला हरकत नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेच्या, गर्दीला हा हिशेब लावला तर माणसं हजारांत जातात.

व्यवस्था करणाऱ्यानं दोन प्रकार नीट वेगळे समजून घ्यावेत, कारण त्यांच्या अडचणी वेगळ्या आहेत. ड्यूटन प्रकारात मध्यम तरंगलांबीच्या पेशींत दोष असतो. हा सगळ्यात जास्त आढळतो. या लोकांचा लाल, तपकिरी, शेवाळी, नारिंगी असा गोंधळ होतो, पण लाल रंग त्यांना अंधारलेला दिसत नाही. प्रोटॅन प्रकारात लांब तरंगलांबीच्या पेशी बिघडलेल्या किंवा नसलेल्या असतात, त्यामुळं लाल रंग वेगळा तर दिसत नाहीच, शिवाय काळपटही दिसतो. काळ्या बेसाल्टवर लाल रंगानं काढलेला बाण प्रोटॅन माणसासाठी जवळजवळ पुसल्यासारखा असतो. धोक्याच्या सूचना आपण हटकून लालच रंगवतो, म्हणून हा फरक महत्त्वाचा.

नेहमी घोळ होणाऱ्या इतर जोड्या अशा: गुलाबी आणि राखाडी, मोरपंखी आणि राखाडी, जांभळा आणि निळा, पोपटी आणि पिवळा. निळ्या-पिवळ्याचा जन्मजात गोंधळ फार विरळा आहे. मात्र उतारवयात डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि गडद निळा व काळा यांतला फरक पुसट होतो. देवस्थानाला येणाऱ्यांत वयस्कर माणसं पुष्कळ असतात, तेव्हा हेही ध्यानात ठेवा.

पाहणी कशी करायची

कागदावर यादी करण्याआधी जागेवर चालून या. वाहन लावण्यापासून बाहेर पडेपर्यंत पाहुण्याचा जो रस्ता असतो, तोच धरायचा. प्रत्येक पाटी, नकाशा, दिवा, तिकीट आणि पायरीचा फोटो काढा, आणि तो तीन वेळा काढा: सकाळी, भर दुपारी आणि दिवे लागल्यावर. दुपारच्या उन्हात चकाकणारी पाटी आणि रात्री पिवळ्या दिव्याखालची तीच पाटी या दोन वेगळ्या पाट्या असतात.

मग प्रत्येक फोटोवर दोन चाचण्या करा.

पहिली, फोटो कृष्णधवल करून पाहा. मोबाईलच्या कुठल्याही फोटो-अ‍ॅपमध्ये ही सोय असते. अक्षर आणि पार्श्वभूमी एकमेकांत मिसळली, तर ती पाटी नापास.

दुसरी, रंगांधत्वाचं दृश्य दाखवणाऱ्या अ‍ॅपमधून पाहा. काझुनोरी असादा यांचं क्रोमॅटिक व्हिजन सिम्युलेटर हे मोफत अ‍ॅप कॅमेऱ्यासमोरचं दृश्य प्रोटॅन, ड्यूटन आणि ट्रायटन (निळ्या-पिवळ्याचा दोष असलेल्या) माणसाला साधारण कसं दिसेल ते तिथल्या तिथं दाखवतं. संगणकावर नकाशा किंवा फलक तयार करताना कलर ओरॅकल हे मोफत साधन सोयीचं आहे.

या दोन्ही चाचण्या का लागतात? कृष्णधवल फोटोत लाल रंग मध्यम करडा येतो, त्यामुळं काळ्यावरचा लाल बाण तिथं पास होतो. प्रोटॅन माणसाला मात्र तो दिसत नाही. उलट आकाशी आणि नारिंगी कृष्णधवलात एकसारखे येतात, पण लाल-हिरव्याचा दोष असलेल्याला ते स्वच्छ वेगळे दिसतात. एकाच चाचणीवर भरवसा ठेवला की चूक या ना त्या बाजूला होते. आणखी एक घोळ नेहमी होतो. मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'कलर करेक्शन' नावाची सोय असते, ती रंगांध माणसाला मदत म्हणून पडद्यावरचे रंग बदलते. रंगांध माणसाला काय दिसतं हे ती दाखवत नाही. ती चालू करून पाट्या तपासल्या तर निष्कर्ष उलटे येतात.

तिसरी पायरी माणसांची, आणि ती टाळू नये. निदान दोन रंगांध माणसं पाहणीला बोलवा, जमलं तर एक प्रोटॅन आणि एक ड्यूटन. अशी माणसं सोलापुरात सापडतात. हे रेल्वेचं विभागीय ठाणं आहे, आणि रेल्वेच्या किंवा सैन्याच्या भरतीच्या वैद्यकीय तपासणीतच अनेकांना आपला दोष पहिल्यांदा कळलेला असतो. त्यांना 'हा कुठला रंग?' असं विचारायचं नाही. असल्या प्रश्नांनी ते आयुष्यभर वैतागलेले असतात, आणि उत्तरातून तुम्हाला उपयोगाचं काही मिळतही नाही. काम द्या: 'तिकीट खिडकीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत पाट्या पाहून जा', 'या नकाशावरून दुसऱ्या दालनाची वाट दाखवा'. कुठं थांबले, कुठं चुकले, कुठं दुसऱ्याकडं पाहिलं, एवढं टिपा. दिलेल्या वेळेचं मानधनही द्या.

शेवटी यादीची क्रमवारी लावा. आधी जीवाशी संबंधित गोष्टी: पायऱ्या, तळ्याचा काठ, विजेच्या पेट्या, आगीच्या वेळचे मार्ग. मग वाट शोधणं. मग माहितीचे फलक. शोभेचं सगळ्यात शेवटी.

पाट्या

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, आणि सगळ्यात स्वस्तात दुरुस्तीही इथंच होते. लाल-हिरवी जोडी का वाईट, ते आकड्यात पाहू. वेबसाइटच्या सुलभतेसाठी जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत मजकूर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणाचं गुणोत्तर साध्या अक्षरांसाठी किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ मागितलेलं आहे. निकष पडद्याचा आहे, पण पाटीलाही चांगला लागू पडतो. गडद हिरव्यावर भडक लाल अक्षरं काढली तर हे गुणोत्तर १.३ च्या आसपास येतं. म्हणजे रंगाचा फरक काढून घेतला की पाटी कोरीच. पांढऱ्यावर भडक लाल ४ ला येतं, लहान अक्षरांना तेही पुरत नाही. पांढऱ्यावर भडक पिवळं जेमतेम १.१. आता चालणाऱ्या जोड्या: पांढऱ्यावर काळं किंवा गडद निळं, गडद निळ्यावर पांढरं, काळ्यावर पिवळं.

एकाहून जास्त रंग लागतात तिथं मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी अभ्यासकांनी सुचवलेला रंगसंच वापरा. त्यातले तीन रंग पाट्यांच्या कामाला बहुधा पुरतात. लाल, हिरवा, निळा या क्रमानं त्यांचे आकडे असे: गडद निळा ०, ११४, १७८, नारिंगी २३०, १५९, ०, आणि काळा. पांढऱ्यावर हा निळा ५.२ ला १ देतो, आणि काळ्यावर हा नारिंगी ९ च्या वर जातो. हाच नारिंगी पांढऱ्यावर मात्र २.३ च्या आत येतो, म्हणून नारिंगी अक्षरं पांढऱ्यावर कधीच छापू नका. नारिंगी पट्टा करा आणि त्यावर काळी अक्षरं घ्या.

हे आकडे पडद्यावरचे आहेत. फ्लेक्सच्या छपाईत रंग सरकतो, त्यातही हिरवा आणि नारिंगी जास्त. म्हणून छापणाऱ्याकडून त्याच यंत्रावर, त्याच मालावर एक हातभर नमुना छापून घ्या, तो उन्हात धरून दोन्ही चाचण्या करा, आणि मगच पूर्ण छपाईला हो म्हणा. हाती रंगवणाऱ्या पेंटरला आकड्यांचा उपयोग नाही. त्याला रंगाच्या कंपनीच्या शेड-कार्डावरचा क्रमांक द्या आणि डब्यातला रंग फासलेला नमुना पाहून घ्या.

सोलापूरच्या उन्हाचा स्वतंत्र विचार करावा लागतो. उघड्यावरच्या छपाईत गुलाबी-लाल आणि पिवळी शाई आधी उडते. निळी आणि काळी मागं राहते. काही उन्हाळ्यांत लाल बाण फिकट गुलाबी होतो, नारिंगी पट्टा मळकट पांढरा होतो, आणि साधी नजर असलेला माणूसही वाट चुकतो. दक्षिण आणि पश्चिमेकडं तोंड असलेल्या पाट्यांवर अर्थ सांगणारं सगळं काळ्या किंवा निळ्यात ठेवा, आणि नारिंगी-पिवळं फक्त सोबतीला. चकचकीत लॅमिनेशन टाळा, मॅट घ्या. ऊन चमकलं की रंगाचा उरलासुरला फरकही नाहीसा होतो.

अक्षराची उंची मात्रा-वेलांट्या सोडून मोजा. दहा मीटरवरून वाचायची पाटी असेल तर ५० मिलिमीटर ही किमान, १०० असेल तर उत्तम. बाण अक्षराइतका जाड हवा. मनाईच्या पाटीला तिरकी रेघ असलेलं वर्तुळ, धोक्याला त्रिकोण, माहितीला चौकोन, हे आकार कटाक्षानं पाळा. खाण्याच्या पाकिटांवर हेच झालं आहे. शाकाहाराची खूण हिरवा गोल आणि मांसाहाराची तपकिरी गोल अशी होती, तेव्हा रंगांध माणसाला दोन्ही सारखीच दिसायची. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मांसाहाराच्या खुणेचा त्रिकोण केला आणि रंगाला धक्काही न लावता प्रश्न सुटला. तुमच्या उपाहारगृहाच्या दरपत्रकावर अजून दोन्ही ठिपके गोलच असतील, तर दुरुस्तीला तिथून सुरुवात करता येईल.

भुईकोट किल्ल्यासारख्या संरक्षित वास्तूत भिंतीला रंग लावायचा नाही, खिळा मारायचा नाही. तिथं जे करायचं ते पुरातत्त्व खात्याच्या परवानगीनं, सुट्या खांबावर किंवा तिकिटासोबतच्या छापील नकाशावर. काळ्या दगडाच्या पायऱ्यांच्या कडा दिसाव्यात म्हणून पट्टी लावायची असेल, तर ५० मिलिमीटर रुंदीची पिवळी किंवा पांढरी, घसरू न देणारी, लाल नको. ही सूचना बागेतल्या आणि नव्या बांधकामांतल्या पायऱ्यांसाठी. संरक्षित दगडावर ती चिकटवू नका.

नकाशा

पाच रंगांच्या पाच वाटा आणि कोपऱ्यात रंगांची सूची, हा नकाशाचा नमुना रंगांध माणसाला काडीचाही उपयोगी नाही. सूचीतला बारीक चौकोन पाहायचा आणि तोच रंग नकाशातल्या पातळ रेघेत शोधायचा, हे त्याच्यासाठी सगळ्यात अवघड काम. रंगाचं क्षेत्र जितकं लहान, तितका गोंधळ जास्त.

सूची काढून टाका. नाव आणि क्रमांक थेट वाटेवर लिहा, आणि प्रत्येक वळणावर पुन्हा लिहा. रेघांचे प्रकार बदला: एक सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची. चार फूट बाय तीन फूट फलकावर वाटेची रेघ १० ते १२ मिलिमीटर जाड हवी, हातातल्या ए-थ्री नकाशावर निदान २. शेजारी शेजारी येणाऱ्या दोन रंगीत भागांमध्ये पांढरी किंवा काळी सीमारेषा ओढा. चौथी, पाचवी वाट आली तर रंग वाढवू नका, रेघेचा प्रकार वाढवा. वास्तूचा कुठला भाग कुठल्या काळातला हे दाखवायचं असेल, तर एकाच रंगाच्या फिकट-गडद छटा घ्या आणि त्यावर तिरक्या रेघा, ठिपके, जाळी असं भरण द्या. उंचसखल भाग दाखवणाऱ्या नकाशात खाली हिरवा आणि वर तपकिरी देण्याची जुनी रीत आहे. तिथं उंचीचे आकडे रेषांवर लिहिले नाहीत तर डोंगर आणि दरी एकच दिसते.

यात्रा आणि पार्किंग

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेला आणि होम मैदानावरच्या गड्ड्याला माणूस कर्नाटकातून, तेलंगणातून येतो. 'अ, ब, क' ही खूण त्यातल्या पुष्कळांना वाचता येत नाही, आणि 'लाल झोन, हिरवा झोन' रंगांधांना कळत नाही. तेव्हा प्रत्येक पार्किंगला एक अंक आणि एक चित्र द्या. अंक आंतरराष्ट्रीय वळणाचे ठेवा, ते सगळ्या भाषांच्या लोकांना ओळखीचे असतात. यात्रेचीच रीत पाहा: मिरवणुकीतले सात नंदीध्वज पहिला, दुसरा असे क्रमानं आणि मानानं ओळखले जातात, त्यासाठी रंग लागत नाही.

चित्रं निवडताना दोन काळज्या घ्या. त्यांची काळी छाया एकमेकांपासून लांबूनही वेगळी कळली पाहिजे. घोडा, गाय आणि बैल एकत्र घेतले तर संध्याकाळी तिन्ही सारखेच. आणि पक्षांची निवडणूक चिन्हं वगळा. कमळ, हात, घड्याळ, मशाल, धनुष्यबाण, हत्ती, पतंग यांतलं काही पार्किंगच्या खांबावर चढलं की हरकत येते आणि ऐन यात्रेत पाट्या झाकाव्या लागतात. मोर, मासा, कासव, घंटा, किल्ली ही पाच चित्रं चालतील.

पाटी जमिनीपासून साडेतीन मीटरवर, दोन्ही बाजूंनी छापलेली, रात्री स्वतःचा दिवा असलेली. गाडी लावताना जी पावती देता तिच्यावर तेच चित्र ठळक काळ्यात छापा. रंगीत कागदाची पावती हवी तर असू द्या, पण ओळख चित्रानं आणि अंकानं. ध्वनिक्षेपकावरूनही तसंच सांगायचं: 'तीन नंबर, मासा पार्किंग भरलं आहे, चार नंबर, घंटा पार्किंगला जावं.' स्वयंसेवकांना वेगवेगळ्या रंगांच्या टोप्या देऊन कामं वाटली असतील तर पाठीवर शब्द छापा: प्रथमोपचार, हरवले-सापडले, पाणी. लहान मूल हरवलेल्या बाईला रंग आठवायला लावू नये, तिची नजर शाबूत असली तरी.

दिवे, बटणं आणि विज्ञानाची दालनं

विज्ञान केंद्रांत प्रयोग हाताळायचे असतात, आणि उत्तर बरोबर की चूक हे बहुधा दिव्यानं कळतं. सगळ्यात त्रासाचा तो एकाच काचेत लाल आणि हिरवा दोन्ही रंग दाखवणारा दुरंगी एलईडी. रंगांध माणसाला तो नुसता 'लागलेला' दिसतो. दुरुस्ती तीन प्रकारे होते. त्या जागी दोन वेगळे एलईडी बसवा, वरचा 'बरोबर', खालचा 'चूक', आणि शेजारी बरोबरची खूण व फुली कोरा. जागा नसेल तर एक स्थिती सलग उजेडाची आणि दुसरी लुकलुकती करा. किंवा आवाज जोडा: बरोबरला एक टुण, चुकीला दोन. नवीन यंत्र मागवत असाल तर निळा आणि पिवळसर नारिंगी अशी जोडी मागा. स्वच्छतागृहाच्या कडीवर लाल-हिरव्या चकतीऐवजी 'आत कोणी आहे' आणि 'मोकळे' असे शब्द येणारी कडी मिळते, तीच बसवा.

रसायनशास्त्राच्या दालनात सार्वत्रिक दर्शक (आम्ल की अल्कली हे रंगानं सांगणारं द्रावण) दाखवताना लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा अशा पायऱ्या येतात; रंगांध मुलाला त्या सलग एकाच छटेच्या वाटतात. प्रत्येक नळीवर सामूचा (पीएचचा) आकडा ठळक लिहा. विजेच्या प्रयोगातल्या तारांना दोन्ही टोकांना अंकांची पट्टी गुंडाळा.

रंगदृष्टीचं दालन असेल तर तिथं शिनोबू इशिहारा यांच्या १९१७ च्या ठिपक्यांच्या तक्त्यांची चित्रं हमखास लावलेली असतात. हे फार जपून करावं. शाळेची सहल आलेली असते, सगळा वर्ग 'चौऱ्याहत्तर!' म्हणून ओरडतो आणि एका मुलाला तो आकडा दिसतच नाही. त्याच्यासाठी तो क्षण भर वर्गात उघडं पडण्याचा असतो. त्या भिंतीआधी सांगा की काही जणांना आकडा दिसणार नाही, काहींना वेगळा दिसेल, आणि दोन्ही पाहण्याच्या रीतीच आहेत. सगळ्यांकडून एकत्र उत्तर वदवून घेऊ नका. पडद्यावर किंवा साध्या छपाईत तक्त्याचे रंग बदलतात, म्हणून त्यावरून निदान होत नाही, हेही तिथंच लिहा आणि नेत्रतज्ज्ञाकडं जायला सुचवा. शेजारी एकाच दृश्याचे दोन फोटो लावा, साध्या नजरेचा आणि ड्यूटन नजरेचा. वर्गमित्रांना मित्राची अडचण त्यातून कळते, ती नुसत्या तक्त्यांतून कळत नाही.

निवेदन करताना लाल लेझर वापरू नका. प्रोटॅन माणसाला तो ठिपका फार मंद दिसतो किंवा दिसतच नाही. हिरवा उजळ दिसतो, पण गर्दीत तो डोळ्यांना धोक्याचा. साधी लांब काठी उत्तम.

कापडाची दालनं आणि दुकानं

चादर, टॉवेल आणि साडी यांच्या गावात या भागाकडं जास्त लक्ष हवं. जुनं कापड प्रकाशानं विटतं, म्हणून संग्रहालयांत त्यावर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) उजेड ठेवतात. इतक्या कमी उजेडात रंगांध माणसाची उरलीसुरली रंगओळखही आणखी कमी होते. उजेड वाढवता येत नाही, तेव्हा दोन गोष्टी करा. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा रंगदर्शन निर्देशांक (सीआरआय) ९० किंवा त्याहून जास्त असलेले दिवे घ्या. पाकिटावर हा आकडा असतो. आणि प्रत्येक वस्तूच्या पट्टीवर रंग शब्दांत लिहा: 'मधली जमीन गडद लाल, किनार हिरवी, त्यात पांढऱ्या धाग्याचे चौकोन'. विणकराने लाल-हिरव्याची जी अदलाबदल केली आहे, ती या ओळीशिवाय रंगांध प्रेक्षकापर्यंत पोचतच नाही.

दुकानात रंगांची आपली नावं जरूर वापरा: डाळिंबी, आमसुली, मोरपंखी, शेवाळी, अबोली. सोबत मूळ रंगाचं नाव आणि फिकट की गडद हेही चिठ्ठीवर हवं. 'डाळिंबी, गडद लाल' लिहिलं तर गिऱ्हाईक एकटा येऊन घरच्यांसाठी चादर निवडू शकतो. मोजे, टॉवेल, रुमाल यांचे ढीग रंगानं लावले असतील तर ढिगावर नाव चिकटवा. दुकानदाराला याचा फायदा रोजच्या धंद्यातही होतो, कारण संध्याकाळी दुकानातल्या दिव्याखाली निळा-काळा सगळ्यांचाच चुकतो.

माळरानावर गाईडनं कसं सांगावं

सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचं. तिथं गवताळ माळावर पक्षी दाखवताना गाईडच्या तोंडी सहज येतं: 'ती बघा, डोळ्यापुढं लाल मांस असलेली टिटवी', 'हिरव्या झुडपावर हिरवा राघू'. रंगांध पाहुण्याला सुकलेलं गवत, झुडूप आणि पक्षी यांत रंगानं काहीच वेगळं काढता येत नाही. पण आकार, हालचाल आणि उजेड-सावली त्याला नीट कळते.

म्हणून क्रम ठरवून घ्या: आधी ठळक खूण, मग दिशा, मग अंतर, मग आकार आणि हालचाल, आणि शेवटी रंग. 'मामा, समोर एकटं बाभळीचं झाड दिसतंय? त्याच्या डाव्या हाताला, दोन बैलगाड्या मावतील एवढ्या अंतरावर, लांब पायांचा पक्षी. पळतोय, थांबतोय, पुन्हा पळतोय. डोळ्यापुढं लाल मांस आहे त्याच्या.' रंग गाळायचा नाही. ज्याला दिसत नाही त्यालाही तो ऐकायचा असतो. काळविटांत नर-मादी सांगताना 'काळा आणि बदामी' एवढ्यावर थांबू नका, पीळदार शिंगं सांगा. एकरुख तलावावर रोहित (फ्लेमिंगो) दाखवताना गुलाबी पंख बाजूला ठेवून वाकडी चोच आणि पाण्यात डोकं उलटं घालून चरण्याची पद्धत सांगा, कारण फिकट गुलाबी त्यांना राखाडीच दिसतो.

पाहुण्यांत कुणी रंगांध आहे का, असं सगळ्यांसमोर विचारू नका. सगळ्यांनाच या पद्धतीनं सांगा. लहान मुलांना आणि पहिल्यांदा दुर्बीण धरणाऱ्यांनाही पक्षी लवकर सापडतो.

रंग वाढवणारे चष्मे

परदेशात काही संग्रहालयं आणि उद्यानं रंगांध पाहुण्यांना खास गाळणीचे चष्मे वापरायला देतात. अमेरिकेत टेनेसी राज्यानं २०१७ पासून डोंगरावरच्या दृश्यांसाठी अशा भिंगांच्या दुर्बिणी बसवल्या. या भिंगांत लाल आणि हिरव्याच्या मधल्या, जिथं दोन्ही पेशी एकदम उत्तेजित होतात त्या, तरंगलांबी अडवलेल्या असतात. सौम्य दोष असलेल्या काहींना त्यामुळं रंगांतला फरक ठळक वाटतो. ज्यांच्यात एक प्रकारच्या पेशीच नाहीत त्यांना फारसा उपयोग होत नाही, आणि कुणालाच साधी रंगदृष्टी मिळत नाही. ग्रॅनाडा विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासातही हेच आढळलं.

तेव्हा चष्म्यांवरचा खर्च यादीच्या तळाशी ठेवा. घेतलेच तर उघड्यावर, दिवसाच्या उजेडात वापरायला द्या: बाग, तळ्याचा काठ, माळरान. ५० लक्सच्या दालनात ते दृश्य आणखी अंधारं करतात. पायऱ्यांवर आणि गाडी चालवताना काढायला सांगा. देताना 'काहींना फरक जाणवतो, काहींना नाही' एवढंच म्हणा. समोर मोबाईल धरून पाहुण्याच्या आनंदाश्रूंची वाट पाहू नका.

कंत्राट, तपासणी, देखभाल

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार मोजलेले आहेत; रंगांधत्व त्यांत नाही. म्हणजे सुलभतेच्या सरकारी तपासणीत हा मुद्दा आपोआप येत नाही, तुम्हालाच तो कामाच्या अटींत घालावा लागतो. न्यायालयाची दिशा मात्र स्पष्ट आहे: २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुण्याच्या चित्रपट संस्थेला सगळे अभ्यासक्रम रंगांध विद्यार्थ्यांना खुले करायला सांगितलं.

पाट्यांच्या निविदेत या अटी लिहा. कोणतीही माहिती केवळ रंगानं दिलेली नसावी. मजकूर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावं. लाल-हिरवा, लाल-काळा, गुलाबी-राखाडी या जोड्या वापरू नयेत. पूर्ण छपाईआधी त्याच मालावरचा नमुना मंजूर करून घ्यावा. शेवटचा हप्ता जागेवरच्या दोन्ही चाचण्या आणि रंगांध व्यक्तींकडून वाट चालून झाल्यावरच मिळेल. ही शेवटची अट नसेल तर बाकीच्या कागदावरच राहतात, कारण कार्यालयात ट्यूबलाइटखाली पास झालेला नमुना उन्हात नापास होताना वेळेवर कुणी पाहत नाही.

पाटीच्या मागच्या बाजूला बसवल्याची तारीख, शेड-क्रमांक आणि मूळ फाइलचं नाव लिहून ठेवा. दर वर्षी उन्हाळा संपला की, म्हणजे जूनमध्ये, पुन्हा फोटो काढा आणि पहिल्या फोटोशेजारी ठेवून पाहा. नारिंगी पट्ट्यावरचं काळं अजून उठून दिसत असेल तर पाटी राहू द्या. एखादी पाटी मोडली की घाईत जवळच्या दुकानातून जी मिळेल ती लावली जाते आणि ती बहुधा पांढऱ्यावर लाल असते. म्हणून प्रत्येक प्रकारच्या दोन पाट्या जादा छापून कोठीत ठेवा.